वादळात वीज गेली तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या व्यासपीठावर आजवर पाककृती झाल्या, भजने झाली, बालसंगोपनावर व्याख्याने झाली. जनरेटरवर बोलणारी बाई मीच पहिली असावी. कार्यवाहबाईंनी विषय सांगितला तेव्हा आमच्या घरी हसे झाले. "तुला फ्यूज तरी बसवता येतो का?" असे ह्यांनी विचारले. फ्यूज बसवता येतो, आणि बाकीचे एका दुपारी सासूबाईंच्या पलंगाशेजारी बसून शिकले, ते आधी सांगते.

१७ मे २०२१, सोमवार. तौक्ते वादळ मुंबईजवळून गुजरातकडे चालले होते. आपल्या रस्त्यांवरचे गुलमोहोर त्या दिवशी कसे आडवे झाले ते तुम्ही पाहिले आहे. सासूबाई करोनातून उठून आठवड्यापूर्वीच इस्पितळातून घरी आल्या होत्या. नाकाला नळी आणि पलंगाशेजारी हवेतून प्राणवायू वेगळा करून देणारे ते कॉन्सन्ट्रेटर यंत्र. दुपारी वीज गेली. मी मनात म्हटले, काळजी कसली, आपल्याकडे इन्व्हर्टर आहे.

तो इन्व्हर्टर चाळीस मिनिटे चालला. मग त्याने चीं चीं असा आवाज काढला आणि डोळे मिटले. बॅटरीत दोन वर्षे कोणी पाणी घातले नव्हते. दोष दुकानदाराचा नव्हता, माझा होता. लोणच्याच्या बरणीत तेल वर आले आहे की नाही हे मी दर आठवड्याला पाहते. पण बॅटरीचे झाकण एकदाही उघडले नव्हते.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या इन्व्हर्टरवरून खिडकीतून वायर सोडली, त्यावर तासभर निभावले. तेवढ्यात गल्लीतल्या मुलांनी मांडवाला लावतात तसला पेट्रोलवरचा छोटा जनरेटर कुठूनसा आणला आणि तो जिन्याखाली ठेवून सुरू करू लागले. बाहेर पाऊस, मग दुसरीकडे ठेवणार कुठे? तळमजल्यावरचे काका पूर्वी बोटीवर इंजिनिअर होते. ते धावत आले आणि त्यांनी मुलांचा हात धरला. त्यांचे शब्द मला अजून आठवतात: "अरे, एकीला वाचवायला सगळ्या बिल्डिंगला माराल!"

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. जिना हा तर धुराड्यासारखा; खालचा धूर वर प्रत्येक दारापर्यंत पोहोचवणारा. अखेर फाटकापाशी, खिडक्यांपासून दूर, चारी बाजू उघड्या ठेवून वर नुसता पत्रा धरून तो जनरेटर लावला. तिथून जाड वायर आमच्या घरात आणली. मुले रात्री दोनपर्यंत आळीपाळीने छत्र्या घेऊन त्याच्याजवळ बसली. वीज आली. सासूबाई आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि मी सगळे बरोबर सांगते की नाही हे पाहत आहेत.

तेव्हापासून मला कोणी विचारले की "घरी जनरेटर घ्यावा का?", तर मी उलट विचारते, तुमच्या घरात वीज गेल्यावर काय थांबून चालणार नाही? हे आधी कागदावर लिहा. पंखा, दिवे, मोबाइल? आजाऱ्याचे यंत्र? फ्रिजमधले इन्शुलिन? की टाकीत पाणी चढवणारा पंप? हे न लिहिता दुकानात गेले, की दुकानदार सांगेल ती आपली गरज ठरते.

यंत्राचे गणित अवघड नाही. इन्व्हर्टरवर व्हीए लिहिलेले असते. ती नळाची तोटी समजा, एका वेळी किती निघेल ते सांगणारी. बॅटरीवरचे ॲम्पिअर-अवर ही टाकी, किती वेळ पुरेल ते सांगणारी. लोक तोटी मोठी घेतात आणि टाकी लहान. बारा व्होल्टची दीडशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे बारा गुणिले दीडशे, अठराशे वॉट-तास. पण ती तळापर्यंत उपसायची नसते आणि वाटेत थोडी गळतीही होते, म्हणून हजार-अकराशेच धरावे. जुने दोन पंखे दीडशे वॉट, तीन एलईडी नळ्या साठ, इंटरनेटची डबी दहा, म्हणजे दोनशेवीस. पाच तास झाले. तेच पंखे नवे, तीस वॉटचे, बीएलडीसी म्हणतात तसले असतील, तर एकूण एकशेतीस होतात आणि आठ तासांवर चालते. म्हणजे कधी कधी मोठ्या बॅटरीपेक्षा नवा पंखा घेणे शहाणपणाचे. आमचे प्राणवायूचे यंत्र एकटेच साडेतीनशे वॉट खात होते. धड बॅटरी असती तरी तीनच तास मिळाले असते, हे मला त्या दिवसाआधी कळायला हवे होते.

गीझर, इस्त्री, एअरकंडिशनर यांचे नावच काढू नये. फ्रिजही चालू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो, तो लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. तो न उघडता बंद ठेवला तर चार तास आतले थंड राहते. मात्र घरातली मुले ती परीक्षा पाहतातच. घेताना शुद्ध साइन वेव्हचाच इन्व्हर्टर घ्यावा, आजाऱ्याच्या यंत्रासाठी तर नक्कीच. आणि एका मैत्रिणीकडे मी बॅटरी देव्हाऱ्याखालच्या बंद कपाटात पाहिली, वर समई तेवत होती! चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. ती मोकळ्या हवेत ठेवा, ठिणगीपासून लांब. लिथियमची बॅटरी घेतली तर पाणी घालण्याची कटकट नाही, ती टिकतेही जास्त. किंमत मात्र ऐकून बसावे लागते.

मग जनरेटर कोणी घ्यावा? माझे माहेर श्रीवर्धनकडचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळी-पोफळींबरोबर विजेचे खांबही झोपले. कित्येक गावांत दिवसच्या दिवस, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. भावाचा इन्व्हर्टर पहिल्या रात्रीच रिकामा झाला. पुन्हा भरणार कशावर? विहीर पाण्याने भरलेली, पण पंप बंद, आणि रहाट केव्हाच मोडीत गेलेला. मग टेम्पोवर भाड्याचा जनरेटर घरोघर फिरू लागला. वीस मिनिटे पंप चालवायचा, टाकी भरायची, तेवढ्यात सगळ्यांचे मोबाइल लावायचे. आता भावाने स्वतःचा घेतला आहे. अंगण आहे, घरापासून लांब ठेवायला जागा आहे, त्याला तो शोभतो.

पण तो घराच्या प्लगात दोन तोंडांची वायर घालून कधी जोडू नये. वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते, आणि खांबावर चढलेला वायरमन, तार मेलेली आहे असे समजून हात लावतो. परवानाधारक माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी एकच वाट उघडी राहते. आपल्यासाठी पावसात झटणारा माणूस आपल्याच हातून जायला नको.

आपण फ्लॅटमध्ये राहणारी माणसे. आपल्याला जनरेटरला जागाच नाही. गॅलरी ही जागा नव्हे, हे कृपा करून घरच्या पुरुषमंडळींना सांगा. आपण घरापुरता इन्व्हर्टर ठेवावा आणि जनरेटर सोसायटीने ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सिडकोच्या जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नव्हती, तेव्हा वीज गेली तर फार तर घाम यायचा. आता त्याच जागी पुनर्विकासाचे मनोरे उठत आहेत. अठराव्या मजल्यावर वीज जाणे म्हणजे पाणी जाणे आणि आजीचे खाली उतरणे बंद होणे. आणि त्यासाठी वादळच यावे लागते असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे आणि आपली नवी मुंबई एकदमच अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशी कुठे वादळ होते?

सोसायटीच्या जनरेटरबद्दल पुरुषांच्या सभेत किलोवॉट आणि किंमत यांवर तासभर वाद होतो. तो कुठे ठेवायचा, हे शेवटी पाच मिनिटांत उरकतात. आपली वस्ती खाडीकाठची, भराव घातलेली. भरतीला धारण तलावांचे दरवाजे मिटतात, आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला तर पाणी रस्त्यावर साचते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळघरे कशी भरली ते सर्वांना ठाऊक आहे. तळघरातला जनरेटर पहिल्या तासात बुडतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा. तो उंच ओट्यावर हवा, आवाज कोंडणाऱ्या पेटीत हवा आणि त्याचे धुराडे कोणाच्या खिडकीकडे नको. महिन्यातून एकदा पंप जोडून पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावा. वर्षभर झाकून ठेवलेला जनरेटर वादळाच्या दिवशी सुरू होत नाही. त्याची छोटी बॅटरीच उतरलेली असते. लिफ्टमध्ये माणूस अडकू नये म्हणून तिला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे बॅटरीवरचे साधन मिळते, ते आहे का हेही विचारा. आणि जनरेटरवरचा एक प्लग तळमजल्यावर, आजाऱ्याच्या यंत्रासाठी राखून ठेवावा. आमच्या सोसायटीत हा ठराव दोन सभांत लांबणीवर पडला, तिसऱ्या सभेत सासूबाई स्वतः उठून बोलल्या आणि तो मंजूर झाला.

कार्यवाहबाईंनी दाराशी एक वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी प्राणवायूचे यंत्र, इन्शुलिन किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्यांनी इमारतीचे नाव आणि मजला लिहावा. ज्यांचा इन्व्हर्टर धड आहे, त्यांनी पलीकडच्या पानावर लिहावे. ही वही मेअखेर भरून हवी आहे. आणि घरी गेल्यावर चहा ठेवण्याआधी बॅटरीचे पाणी पाहा. डिस्टिल्ड वॉटरच घालायचे, नळाचे नाही.