निवडणूक संपते, वस्ती राहते

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही नामवंत वक्ता नाही. बँकेत कारकुनी करणारा माणूस आहे. 'निवडणुकीनंतरची कटुता' हा विषय ठरला तेव्हा काहींनी सुचवले की, हा विषय नको, उगाच वाद होतील. वादाच्या भीतीने विषयच टाळण्यापर्यंत आपण आलो असू, तर त्यावर बोलणे अधिकच गरजेचे आहे.

आपल्या सोलापूरचेच उदाहरण घेऊ. २००९ पासून हा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २०१९ साली येथे तिरंगी लढत झाली. भारतीय जनता पक्षाचे जयसिद्धेश्वर स्वामी निवडून आले, काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे दुसरे राहिले आणि वंचित बहुजन आघाडीचे ॲड. प्रकाश आंबेडकर यांना सुमारे १ लाख ७० हजार मते मिळाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते सुमारे १ लाख ५८ हजार. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले गेले आणि आपल्यातच भांडण पेटले. एक म्हणाला, "तुम्ही मते फोडली." दुसरा म्हणाला, "आमची मते तुमच्या मालकीची कधी होती?" 'बी टीम', 'गुलाम' असे शब्द घराघरांत शिरले. २०२४ साली संविधानाचा प्रश्न प्रचारात ऐरणीवर आला. त्या वेळी प्रणिती शिंदे निवडून आल्या. पण वेगळा विचार करणाऱ्याला 'गद्दार' म्हणण्याची सवय काही गेली नाही.

आता शांतपणे हिशेब करू. २०१९ चा निकाल फिरायचा असता, तर तिसऱ्या उमेदवाराच्या शंभर मतदारांपैकी त्र्याण्णवांहून अधिक जणांनी दुसऱ्या उमेदवारालाच मत द्यायला हवे होते. त्यातले किती जण घरी बसले असते, किती जण आणखी कुठे गेले असते, हे मोजणीच्या कागदावर लिहिलेले नसते. गृहीत धरलेली रक्कम कोणी खात्यावर जमा दाखवली, तर बँकेत त्यावर सही होत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. आपल्या पद्धतीत निम्मी मते नसली तरी ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. तेव्हा मतविभागणीची काळजी करणारा माणूस विकला गेलेला नसतो, आणि स्वतंत्र राजकारण हवे म्हणणारा माणूसही विकला गेलेला नसतो. दोघेही समाजाच्याच हिताचा विचार करतात, फक्त वाट वेगळी असते.

बाबासाहेबांना पराभव नवा नव्हता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला. बाबासाहेबांची त्या निवडणुकीबद्दल तक्रार होती. ती त्यांनी कायद्याच्या मार्गाने मांडली, आणि ती फेटाळली गेल्यावर संसदीय काम सोडून दिले नाही. राज्यसभेत जाऊन ते सरकारला प्रश्न विचारीत राहिले. १९५४ साली भंडाऱ्याची पोटनिवडणूकही ते हरले. ज्यांनी संविधान लिहिले, त्यांनी त्या संविधानाखालचे दोन पराभव पचवले. आपल्याला शेजाऱ्याचे एक मत पचत नाही, याचा विचार व्हावा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघातील सभेच्या नियमांचीही आठवण करून दिली होती. संघात शलाका वाटून मत घेतले जाई. मत घ्यायचे म्हणजे मत वेगळे असू शकते, हे आधीच मान्य केलेले असते.

विनयात कोसंबीची कथा आहे. शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढ्या कारणावरून दोन भिक्खूंत वाद झाला. शिष्य दोन गटांत विभागले, पाठोपाठ उपासकही. भगवंतांनी समजावले, कोणी ऐकेना. तेव्हा ते पारिलेय्यक वनात निघून गेले. पुढे शहाणपण सुचले ते उपासकांना. त्यांनी भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले, मग समेट झाला. नेते भांडत असतील तर त्यांच्या भांडणाला टाळ्या द्यायच्या की नाहीत, हे आपल्या हातात असते.

कोणी म्हणेल, समाजाची एकी हवी. हवीच. पण १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली, हे आपण जाणतो. मला वाटते, वेगळे बोलणाऱ्याला आत जागा मिळाली नाही की तो बाहेर जातो. तोंड दाबून केलेली एकी टिकत नाही.

या कटुतेची किंमत उमेदवार मोजत नाही. रागापोटी अभ्यासिकेची वर्गणी थांबली, तर स्पर्धा परीक्षेला बसलेल्या मुलीची खुर्ची जाते. लग्नाची पत्रिका थांबली, तर दोन घरांतील पोरे एकमेकांना ओळखेनाशी होतात. दुखवट्याला माणूस आला नाही, तर ती उणीव पुढची निवडणूक भरून काढत नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. कोणाला मत दिले हे कोणालाही खोदून विचारू नये. कायद्यानेही ते सांगण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. वाद घालताना मुद्दा धरावा, माणसाची जात, घर, नोकरी काढू नये. आणि संस्थेच्या सभेत विरोधी सूर निघाला, तर तो इतिवृत्तात लिहावा, पुसून टाकू नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आमच्याशी असहमत व्हा, कारणे देऊन व्हा. निवडून आलेला माणूस पाच वर्षांनी पुन्हा दारात येईल. रात्री-अपरात्री सिव्हिल हॉस्पिटलला धावायची वेळ आली, तर सोबत येणार तो पलीकडच्या घरातला, ज्याचे मत आपल्यापेक्षा वेगळे होते तोच.