अंगाच्या मापाची सायकल



माढा तालुक्यांतील टेंभुर्णी हें पुणें-सोलापूर हमरस्त्यावरचें गांव. आसपास उसाचे मळे, आणि मळ्यांतल्या वस्त्यांवरून शाळेंत येणारीं मुलें. ज्या पिढीनें घरांतील वडील माणसाची काळी सायकल शाळेला नेली, तिला सायकलीच्या मापाविषयीं फारसें सांगावें लागत नाहीं. आपल्याकडील त्या सायकलींचा सांगाडा बहुधा २२ किंवा २४ इंची. चालविणारा उंचापुरा बाप असो कीं दहा वर्षांचा मुलगा असो, सांगाडा तोच. सीटवर बसलें तर पाय पोंचत नसे. मग आडव्या दांड्याखालून पाय घालून, अंग वांकडें करून, ‘हाफ पायडल’ मारीत मुलगा शाळा गांठी. सदरा शिवावयाचा तर शिंपी माप घेतो, वहाण करावयाची तर मोची पाऊल कागदावर रेखून घेतो. सायकलीच्या बाबतींत मात्र माणसानेंच आपलें अंग लोखंडाच्या मापाला बेतून घ्यावें, असा जणूं नियमच होऊन बसला.

सायकलीचा धंदा महाराष्ट्राला नवा नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें होतें. पुढें त्यांचे हात लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. आपल्या रानाला नांगराची निकड अधिक होती. त्यांनीं केलें तें योग्यच केलें. परंतु बसणाराचें माप घेऊन त्याच्यापुरता सांगाडा घडविण्याचें काम ज्यानें आयुष्यभर केलें, असा कारागीर पाहावयाचा तर इटलीच्या उत्तर भागांत जावें लागेल. तेथें मिलान शहराजवळ कांबियागो नांवाचें खेडें आहे. ९ फेब्रुवारी १९३२ रोजीं त्या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं एर्नेस्तो कोल्नागो यांचा जन्म झाला.

शेतींत मुलाचें मन रमेना. मिसरूड फुटण्यापूर्वींच तो मिलानमधील ‘ग्लोरिया’ या सायकलींच्या कारखान्यांत कामाला लागला. काम शिकतां शिकतां शर्यतींतही उतरूं लागला व कांहीं शर्यती त्यानें जिंकल्याही. एका शर्यतींत पडून त्याचा पाय मोडला. घरीं पडून राहण्याची पाळी आली तेव्हां त्यानें कारखान्यांतून चाकें बांधण्याचें काम घरीं मागविलें, आणि हिशेब पाहतो तों घरबसल्या मिळकत अधिक! मोडलेल्या पायानें असा मार्ग दाखविल्यावर १९५४ सालीं कोल्नागोंनीं गांवांतच स्वतःचें दुकान थाटलें. जागा पांच मीटर लांब व पांच मीटर रुंद. कामाचें मेज करावयास बापानें आपलें तुतीचें एक झाड तोडून दिलें, असें सांगतात. लोंबार्दीच्या शेतकऱ्याला तुतीचें झाड म्हणजे रेशमाच्या किड्यांचा चारा. तेव्हां ती देणगी लहान नव्हे.

सांगाडा घडविणें म्हणजे काय, हें थोडें निवांतपणें पाहिलें पाहिजे. गिऱ्हाइकाचे पाय, धड, हात व खांदे यांचीं मापें प्रथम कागदावर उतरतात, आणि त्यांवरून नळ्यांची लांबी व त्यांचे परस्परांशीं कोन ठरतात. सीटखालची नळी जमिनीशीं साधारण ७३ अंशांचा कोन करते. त्यांत एका अंशाचा फरक पडला तरी बसणाराचा भार पुढें किंवा मागें सरकतो. नळ्या पोलादाच्या, पण त्यांचा पत्रा सर्वत्र सारखा नसतो. ताण येतो तो सांध्यापाशीं. म्हणून टोंकांशीं जाड व मध्यें पातळ अशा नळ्यांची युक्ति निघाली. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनीं तिचें पेटंट १८९७ सालीं घेतलें. चांगल्या नळीचा मधला पत्रा ०.६ मिलिमीटर इतका पातळ असूं शकतो.

मग कानस चालूं लागते. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावें तसें एका नळीचें तोंड दुसरीच्या गोलाईवर बसलें पाहिजे. मधून उजेडाची रेघ दिसतां कामा नये. सांध्यावर पोलादाची बाही चढवितात. कारागीर तिला ‘लग’ म्हणतात. आंत टांकणखाराचा लेप देऊन बाहेरून ज्योत फिरवावयाची. पोलाद नारिंगी झालें कीं पितळ वितळतें आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तें नळी व बाही यांमधील केसासारख्या फटींत शिरतें. ऊब कमी पडली तर पितळ आंत जात नाहीं आणि सांधा पोकळ राहतो. अधिक झाली तर नळीचें बळ जातें. दोन्ही दोष रंगाखालीं झांकले जातात, आणि उतारावर वेगांत असतां सांधा तुटला म्हणजे मगच उघडकीला येतात. त्या वेळीं सांगाड्यावर बसलेल्या माणसाच्या जिवाची जोखीम कारागिराच्या डोळ्यांवर असते. रंगाची ती नारिंगी छटा पुस्तक वाचून ओळखतां येत नाहीं.

कोल्नागोंचें नांव झालें तें मात्र सांगाड्यामुळें नव्हे, एका दुखऱ्या पायामुळें. १९५५ सालीं फियोरेन्झो मान्यी या नामांकित इटालियन स्वाराचा पाय दुखत असे. कोल्नागोंनीं सायकल पाहिली आणि दोष पायांत नसून क्रँकच्या कॉटरमध्यें आहे, हें ओळखलें; दोन्ही क्रँक एका रेषेंत बसलेले नव्हते. त्यांनीं ते नीट बसवून दिले. मान्यीनें त्यांना यंत्रकारागीर म्हणून त्या वर्षींच्या इटलीच्या प्रदक्षिणेंत बरोबर घेतलें, आणि ती प्रदक्षिणा मान्यीनेंच जिंकली.

पुढें १९७० सालीं मिकेले दांचेल्ली यानें कोल्नागोंच्या सायकलीवर मिलान-सान रेमो ही शर्यत जिंकली. १९५३ नंतर प्रथमच ती इटालियन माणसाकडे आली होती. ब्रूनो रास्की या पत्रकाराच्या सूचनेवरून त्या वेळेपासून पत्त्यांतील किलवराचें चिन्ह त्यांच्या सायकलीवर आलें.

बेल्जमचा एदी मर्क्स हा त्या काळांतील सर्वश्रेष्ठ स्वार. १९६९ सालीं पडून त्याच्या पाठीला व कंबरेला अशी दुखापत झाली कीं पुढें तो सीटची उंची सारखी बदलीत असे, कित्येकदां शर्यत चालूं असतांही. अशा शरीराला तयार मापाची सायकल काय उपयोगाची? एका तासांत अधिकांत अधिक अंतर कापण्याचा विक्रम करण्याचें त्यानें मनांत घेतलें, तेव्हां सायकल कोल्नागोंनीं केली. वजन घटविण्यासाठीं साखळीच्या कड्यांनाही भोकें पाडलीं. सायकल भरली सुमारें पावणेसहा किलो. आपली काळी सायकल हिच्या तिपटीहून जड. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको शहराच्या विरळ हवेंत मर्क्सनें तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें. डेन्मार्कच्या ओले रिटरचा त्यापूर्वींचा विक्रम ४८.६५३ किलोमीटरचा होता.

एवढ्यावर थांबते तर कोल्नागो पोलादाचे उत्तम कारागीर म्हणून राहते. परंतु मोटारींचे निर्माते एन्झो फेरारी यांच्या कारखान्याशीं १९८६ च्या सुमारास संबंध आला आणि कार्बनच्या तंतूंकडे त्यांचें लक्ष गेलें. ज्या ज्योतीनें नांव मिळविलें ती बाजूला ठेवण्यास धैर्य लागतें. तें वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनीं दाखविलें. पॅरिस-रुबेच्या शर्यतींत दगडी फरसबंदीचे रस्ते लागतात. तेथें कार्बनचा सांगाडा मोडेल अशी पुष्कळांना धास्ती होती. १९९५ सालीं शर्यतीच्या आदल्या दिवशीं मापेई संघाच्या धन्यांनाही ती वाटली, अशी हकीकत कोल्नागोंनीं सांगितलेली आहे. दुसऱ्या दिवशीं फ्रांको बाल्लेरीनी त्याच सांगाड्यावर पहिला आला. पुढील वर्षीं पहिले तिन्ही स्वार मापेईचे होते.

तो सांगाडाही नळ्या व बाह्या जोडूनच केलेला होता. म्हणजे जुन्या विद्येचें कूळ त्यांत शाबूत होतें. साच्यांतून अखंड निघणारा सांगाडा नंतर आला, आणि साचा म्हटला कीं मापें पुन्हा ठरीव. २०२० सालीं कोल्नागोंच्या कारखान्याची बहुतांश मालकी अबुधाबीच्या भांडवलदारांकडे गेली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत तादेय पोगाचार यानें फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली. कोल्नागोंच्या नांवाच्या सायकलीला साठ-पासष्ट वर्षांत न मिळालेला हा मान प्रथमच मिळाला, आणि तो मिळाला साच्यांतल्या, तयार मापाच्या सांगाड्यावर. जन्मभर माणसांचीं मापें घेतलेल्या त्या वृद्धाला त्या दिवशीं आनंद किती झाला आणि हुरहूर किती लागली, हें तोच जाणे.

टेंभुर्णीच्या मुलाला मापाचा सांगाडा मिळणें दूरची गोष्ट. पण सीटची दांडी वरखालीं करतां येते. सीटवर बसून पायडल अगदीं खालीं न्यावें व त्यावर टांच ठेवावी. गुडघा सरळ झाला आणि कंबर मात्र कलली नाहीं, म्हणजे उंची बरोबर. एवढ्यासाठीं शेजारच्या दुकानांतून घटकाभर पाना मागून आणला तरी पुरे.