काय फवारलंत?

मागच्या रांगांतून जेवणाच्या मंडपाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या डॉक्टर मित्रांनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. याआधीच्या अध्यक्षांनी या खुर्चीची शान वाढवली, माझी योग्यता नाही, वगैरे जे म्हणायचं असतं ते म्हटलं असं धरून चला. पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'शहरी श्वसनविकार : एक आढावा' असा छापला आहे. क्षय, दमा, बांधकामाची धूळ, कबुतरं, सगळं लिहून आणलं होतं. ते कागद पिशवीत आहेत, हवे त्यांनी न्यावेत. मला एकाच रुग्णाबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी चौदा वर्षं थांबलो आहे.

जुलै महिना. बँकेतले गृहस्थ, वय बेचाळीस, दोन पिढ्या माझ्याकडे येणारं घर. रविवारी संध्याकाळी दवाखान्यात आले. थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छाती आवळल्यासारखी. बाहेर व्हायरलची रांग लागलेली. स्टेथोस्कोप लावला, फारसं काही ऐकू आलं नाही. पॅरासिटामॉल दिलं, खोकल्याचं औषध दिलं, 'दोन दिवसांनी दाखवा' म्हटलं. रात्री अकराला त्यांनी माझ्या घराची बेल वाजवली. वाक्य पुरं होईना, ओठ काळसर. रुग्णालयात पोचले तेव्हा ऑक्सिजन ८६. एक्सरेत दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ढग.

दुसऱ्या दिवशी वहिनी मेडिक्लेमच्या कागदावर माझी सही घ्यायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "कालचा दिवसच वाईट हो डॉक्टर. आमचे लव्हबर्ड्सपण गेले. दोन्ही."

मी त्यांना परत बसवलं. बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये लीकेज होतं. सोसायटीची दोन पत्रं येऊन गेली होती. प्लंबर म्हणत होता टाइल्स फोडाव्या लागतील. म्हणून साहेबांनी हार्डवेअरच्या दुकानातून सांध्यांवर मारायच्या सीलंट स्प्रेचे दोन डबे आणले. मुलांपर्यंत वास जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. फवारा ओढला जातो म्हणून एक्झॉस्ट पंखाही बंद. एक डबा संपवला, दुसरा अर्धा. पिंजरा बाथरूमच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये टांगलेला.

मी तडक रुग्णालयात गेलो आणि तिथल्या फिजिशियनना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पक्ष्यांचीही हिस्टरी घेता वाटतं?" डिस्चार्ज कार्डावर 'व्हायरल न्यूमोनिया' लागलं. मी सगळं लिहून एका नियतकालिकाला पाठवलं. एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. बरोबरच आहे. पण दुसरा रुग्ण सापडणार कसा, पहिला व्हायरलमध्ये जमा झाल्यावर?

मग मी वाचायला लागलो. मार्च २००६ मध्ये जर्मनीत 'मॅजिक नॅनो' नावाचे काच आणि बाथरूमसाठीचे स्प्रे बाजारात आले. काही दिवसांत तिथल्या विषमाहिती केंद्रांचे फोन खणखणायला लागले. शंभराच्या आसपास लोकांना खोकला, धाप, ताप. सहा जणांच्या फुप्फुसांत पाणी झालं. माल लगेच परत मागवला गेला. जगभर ओरड झाली, नॅनोकणांनी घात केला! आज सकाळच्या सत्रात आपले तरुण मित्र त्याच नॅनोवर पाऊण तास बोलले. मित्रा, तपासणीत त्या डब्यात नॅनोकण सापडलेच नाहीत. नाव फक्त खपण्यासाठी. तशीच उत्पादनं आधी हातपंपाच्या बाटलीत मिळत होती, तेव्हा असा गोंधळ झाला नव्हता. पंपाचे थेंब मोठे, बरेचसे नाकाघशात अडकतात. दाबाच्या डब्यातून इतके बारीक तुषार उडतात की ते थेट वायुकोशांत उतरतात.

तिथं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळात जे सरफॅक्टंट पुरेसं नसतं, त्याचाच थर या धडधाकट माणसाच्या वायुकोशांत बिघडतो. टाइलवर पाणी ठरू न देणारं फ्लोरिनयुक्त पॉलिमर किंवा सिलेन तिथंही आपलं काम चोख करतं. वायुकोश मिटतात. पक्ष्याचं फुप्फुस आपल्याहून नाजूक, तो आधी जातो.

मॅजिक नॅनोच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत टाइल्सच्या सांध्यांवर उभ्यानं मारायचा 'स्टँड एन सील' हा स्प्रे ऑगस्टमध्ये परत मागवला होता. सुमारे तीन लाख डबे. डब्यावरचं नाव जुनंच, आतलं रसायन त्या वर्षी बदललेलं. 'आम्ही कित्येक वर्षं हाच वापरतो' असं रुग्ण सांगतो तेव्हा मला हे आठवतं.

सकाळी अशा रुग्णाला स्टेरॉइड द्यावं की नाही यावर दोन ज्येष्ठांची चांगलीच जुंपली. माझ्या बँकवाल्यांना ऑक्सिजन दिला, स्टेरॉइड दिलं नाही, ते पाचव्या दिवशी घरी गेले. तीन वर्षांनी सोफ्याच्या कापडावर वॉटरप्रूफिंग मारणारा एक मुलगा आला. त्याला स्टेरॉइड दिलं, तोही पाचव्या दिवशी घरी गेला. माझ्यापुरता तो वाद मिटला आहे. 'खिडकी उघडी ठेवली की झालं' म्हणणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, त्या मुलाची खिडकी उघडी होती. वारा आत येत होता.

माझं भांडण औषधाशी नाहीच, केसपेपरशी आहे. त्यावर बिडी-सिगारेटचा रकाना आहे, दारूचा आहे, अ‍ॅलर्जीचा आहे. घरी आज काय फवारलंत, हा नाही. जर्मनीत रोग ओळखणारे डॉक्टर आपल्याहून हुशार होते असं मला वाटत नाही. लोकांनी फोन केले आणि कुणीतरी ते लिहून घेतले, एवढंच. आपल्याकडेही दिल्लीच्या एम्समध्ये विषमाहिती केंद्र आहे, १९९५ पासून. इथं अडीचशे डॉक्टर बसलेत. किती जणांनी तिथं कधी फोन केलाय? हात वर करा.

तीन. मी चौथा नाही. त्या रात्री मलाही सुचलं नव्हतं.

आपल्या संघटनेनं एक नोंदवही सुरू करावी असं मी सुचवतो. कुणी ठेवायची, कागदावर की मोबाइलवर, ते कार्यकारिणीनं ठरवावं. हार्डवेअरवाल्यांशीही बोलायला हवं. कसं, ते मला अजून नीट उमगलेलं नाही. पावसाळ्याआधी व्हावं एवढं खरं.

बँकवाले आता निवृत्त झालेत, जिना चढताना अजून मध्ये थांबतात. वहिनींनी पिंजऱ्यात मनीप्लँट लावलाय. तो दुसरा डबा त्यांनी तेव्हाच माझ्याकडे आणून दिला, पुरावा म्हणून. इतकी वर्षं माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता. आज आणलाय, बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवलाय. जाता जाता बघा. मात्र कुणी दाबून पाहू नका, अजून अर्धा भरलेला आहे.