ओंडक्याचं घनफळ आणि चारने भागलेला घेर

आज लाकडाचा हिशेब करायचाय, तेव्हा मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा.

भोरचं हिर्डोशी खोरं घ्या, नाहीतर वेल्ह्याकडचं पासली, केळद. मालकी रानातलं जळाऊ लाकूड उक्तं द्यायचं म्हणजे सगळा नजरेचा खेळ. आणि व्यापाऱ्याची नजर आपल्यापेक्षा तयार असते. मग टेप घ्या की!

टेप ओंडक्याच्या मधोमध गुंडाळा. बुंध्याकडे घेर जास्त भरतो, शेंड्याकडे कमी. समजा घेर ४ फूट, लांबी ६ फूट. जुना बाजारी हिशेब असा: घेराला चारने भागा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. आले ६ घनफूट. आता खरं घनफळ काढा: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १२.५७. येतात जवळपास ७.६४! दीड घनफुटाहून जास्त लाकूड गेलं कुठं?

यात चोरी नाही बरं का. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली या पद्धतीची कोष्टकं छापली. इमारती ओंडका चौरस करताना कडेचं लाकूड वाया जातं, ती घट यात आधीच धरल्यासारखी होते. पण चुलीत जाणाऱ्या लाकडाला कसली आली कापघट? ते तर कडेसकट जळतं. म्हणून जळणाला कुणी चारचा हिशेब लावला, तर दर चढा मागा. खऱ्या घनफुटाला १०० रुपये ठरत असतील, तर या घनफुटाला साधारण १२७ व्हायला हवेत.

थप्पीचं उलटं. ६ फूट लांब, ४ रुंद, ३ उंच म्हणजे ७२ घनफूट, पण मधल्या फटींत हवाच असते. सरळ ओंडके नीट रचले तर ढोबळमानाने दोन तृतीयांश लाकूड धरा, म्हणजे ४८. वाकड्या फांद्या असतील तर निम्मंही भरेल न भरेल. इथं सावध राहायचं ते घेणाऱ्याने.

वजनावर सौदा असेल तर ओलं की सुकं, हे आधी बोलून घ्या. तोडल्यावर महिना-दोन महिने पडून राहिलेलं लाकूड तेवढंच दिसतं, काट्यावर मात्र हलकं भरतं.

आणि हो, हे सगळं तोडीनंतरचं. ऐन, जांभूळ, हिरडा ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड आपल्या मालकीचं असलं तरी आधी परवानगी, मग कुऱ्हाड.