आधी थेंब कुठून येतो ते पाहा
(सोयगाव तालुक्यातील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलून झाले. आता कापूस बाजारात नेणाऱ्या गाडीवर बोलायचे आहे. शेतकऱ्यांच्या बैठकीत इंजिनाचे काय काम, असे कुणाला वाटेल. काम आहे. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि पुढे कित्येक वर्षे आपला कापूस कुणाला घालायचा हे सरकार ठरवत होते. ते बंधन गेले. आज सोयगावच्या शेतकऱ्याला शेंदुर्णी, जामनेर, पाचोरा मोकळे आहे. घाट चढला तर सिल्लोड आहे. पण वेचणी झाली आणि गाडी गॅरेजात पडली, तर दारात काटा घेऊन आलेला व्यापारी सांगेल तो भाव. क्विंटलमागे दोनशे रुपये कमी धरा. पंधरा क्विंटलच्या एका खेपेत तीन हजार रुपये गेले.

आपल्या गावांतल्या बहुतेक पिकअप जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेल्या. काही दोन-तीन लाख किलोमीटर पळालेल्या. त्यांच्याखाली तेलाचा डाग पडतोच. मग दोन गोष्टी होतात. एक तर मालक म्हणतो, जुनी गाडी आहे, गळायचीच. नाहीतर मिस्त्री म्हणतो, इंजिन खोलावे लागेल, आणि मालक उचल घ्यायला निघतो. आमचे म्हणणे असे, की दोन्ही घाईचे निर्णय आहेत. आधी थेंब कुठून येतो ते पाहा. स्वस्त कामापासून सुरुवात करा. इंजिन सगळ्यात शेवटी.

गळती सोडून दिली तर काय होते? इंजिन चालू असताना पाच सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. तासाला 720 थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला 36 मिलिलिटर. आठ तास गाडी चालली तर 288. दहा दिवसांत पावणेतीन लिटरच्या वर. इंजिनात तेल असते पाच-सहा लिटर. निम्मे तेल गेले की घाटाच्या चढावर बेअरिंग जळायला वेळ लागत नाही. शिवाय तेल क्लच प्लेटवर गेले तर भरलेली गाडी चढाला घसरते. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडले तर धूर निघतो, आणि पाठीमागे उघडा कापूस भरलेला असतो. आग लागायला आणखी काय लागते? तेलाचा डाग लागलेला कापूस जिनवालाही बाजूला काढतो.

आता शोध कसा घ्यायचा. ज्वारीचा पोंगा वर वाळतो, पण खोडमाशीची अळी आत, खाली असते. इंजिनाचे उलटे आहे. थेंब खाली पडतो आणि गळती वर असते. तेल इंजिनाच्या अंगावरून ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे जाते आणि चेंबरच्या कडेवरून टपकते. म्हणून चेंबर ओले दिसले की चेंबरच गळते असे समजू नका.

इंजिन पूर्ण थंड असताना डिझेलच्या बोळ्याने घाण काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरींवर पाणी मारू नका. वाळू द्या. संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, बंद करा, बॅटरी लावून बघा. सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गळती तिथे आहे. गाडीखाली जायचे तर चाकांना उटी लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये.

शोध झाला की कामाचा क्रम असा ठेवा.

पहिले, तेलाची पट्टी बघा. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरले असेल तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो आणि तेल वाट काढते.

दुसरे, ब्रीदरची नळी. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली क्रँककडे येतो. तो बाहेर जायला ही नळी असते. चिकट मळीने ती तुंबली किंवा रबर आत दबले, की आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. अशा वेळी सील बदलले तरी नवे सीलही गळते. नळी काढून साफ करा. एअर फिल्टरही झाडा. आपल्या रस्त्यांची धूळ त्याला पुरते. नळी मोकळी असूनही तिच्यातून जोराने, धपधप धूर येत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. मग मिस्त्री इंजिनाचे म्हणतो त्यात तथ्य आहे. तरीही आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या.

तिसरे, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तेलाच्या फिल्टरचे रबर, ऑइल प्रेशरचा स्विच आणि ड्रेन नटचा वॉशर. ही कामे शेकड्यात होतात आणि पुष्कळ गळत्या इथेच थांबतात.

चौथे, चेंबरचे पॅकिंग. इथे बोल्ट जोर लावून आवळू नका. पत्र्याची कड वाकते, पॅकिंग बाहेर येते आणि गळती वाढते. कड ऐरणीवर सरळ करा, दोन्ही बाजू कोरड्या पुसा, बोल्ट आलटूनपालटून थोडेथोडे आवळा. सिलिकॉन पेस्टची बारीक रेघ पुरे. थापून लावली तर आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेल मिळेनासे होते.

शेवटी क्रँकचे सील. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मोठी. म्हणून आधी खात्री करा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातले तेलही तिथेच उतरते. वास घ्या, गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल आहे, सील गिअरबॉक्सचे गेले आहे. सील बदलताना शाफ्टवर बोट फिरवा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवे सील, जागा असेल तर, थोडे पुढे-मागे बसवावे, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह घालावी. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेटही तपासून घ्या. तीच मजुरी दोनदा देऊ नका.

गळती थांबवणारी औषधे बाजारात मिळतात. ती कडक झालेले रबर थोडे फुगवतात, महिना-दोन महिने निभावतात. फाटलेले सील त्याने सांधत नाही. इंजिनात ब्रेक ऑइल ओतायचा जुना उपाय मात्र करू नका. त्याने रबर आधी फुगते, मग सडते. आणि काढलेले जळके तेल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ते पाणी आपणच पितो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावात गाडीवाल्यांनी एक वही ठेवावी: तारीख, किलोमीटर, किती तेल वर घातले. कपाशीला बोंडे धरली की, वेचणी सुरू व्हायच्या आत, गाड्या एका ठिकाणी आणून धुऊन तपासाव्यात. चार गाड्यांचे पॅकिंग एकदम आणले तर भावही पडतो. मिस्त्रीकडून कामाचा तपशील लिहून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. मिस्त्री आपला शत्रू नाही. पण जो शेतकरी कापूस काट्यावर डोळ्यांदेखत मोजून घेतो, त्याने इंजिनाचे कामही तसेच पाहून घ्यावे.

भाव मागायचा तर बाजारापर्यंत पोचावे लागते. गाडी आपली असेल, चालती असेल, तर दारातल्या काट्याला नाही म्हणायची ताकद आपल्याकडे राहते. यंदाच्या वेचणीआधी एवढे काम करा.