तळीच्या पायऱ्या आणि पायाचा घोटा



फोंडा महालात राहणाऱ्या माणसाला पायऱ्यांचे नावीन्य ते काय? बांदिवड्याच्या नागेशाच्या तळीला पायऱ्या आहेत, फोंड्याच्या साफा मशिदीलगतच्या जांभ्या दगडाच्या तळीलाही आहेत. लहानपणी अशा पायऱ्या आपण धावत उतरतो. पुढे एक दिवस असा येतो, की माणूस वरच्या पायरीवरूनच पाण्याला हात जोडतो आणि परत फिरतो.

आमच्या आत्याबाईंचे असेच झाले होते. "चढवते रे, पण उतरवत नाही. गुडघे गेले माझे," असे त्या म्हणत. उतरावेच लागले तर आडव्या वळून, कठडा धरून, एकेक पाऊल टाकीत. अखेर एका व्यायामोपचार जाणणाऱ्या गृहस्थांनी त्यांना पाहिले, तेव्हा गुडघ्यांत फारसे काही निघाले नाही. वळत नव्हता तो घोटा!

हे असे का व्हावे? आपण पायरी उतरतो तेव्हा पुढचे पाऊल खाली जाते खरे, पण सारा भार मागच्या पायावर असतो. त्या पायाची टाच पायरीवर टेकलेली राहते आणि नडगी पावलावरून पुढे कलते. घोटा पुरेसा वाकला नाही, तर टाच अकाली उचलली जाते आणि देह खालच्या पायावर धपकन आदळतो. हा धक्का चुकविण्यासाठीच माणूस आडवा वळतो. दोष घोट्याचा, बोल मात्र गुडघ्याला!

या सांध्याची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. सुताराने खाचेत लाकूड बसवावे, तसे पायाच्या दोन लांब हाडांच्या मध्ये टालस नावाचे एक हाड बसलेले असते. उभ्या देहाचा भार त्यावरून पावलात उतरतो. तथापि त्याला स्वतःचा असा एकही स्नायू चिकटलेला नाही. निरोगी घोट्यात पाऊल नडगीकडे साधारण 20 अंश आणि खाली साधारण 50 अंश वळते. सपाट वाटेवर चालायला वरच्या बाजूचे 10 अंश बहुधा पुरतात. म्हणूनच घोटा आखडत चालला तरी रस्त्यावर ते ध्यानात येत नाही. ते कळते पायरीवर, चढणीवर आणि उकिडवे बसताना.

घोटा आखडण्याचे एक मोठे कारण पोटरीत असते. पोटरीचे स्नायू जाड शिरेने टाचेला जोडलेले आहेत. दिवसभर खुर्चीवर बसून आणि उंच टाचेची पादत्राणे वापरून ते हळूहळू आखूड होतात. पाय मुरगळल्यावर तो फार दिवस हलविला नाही, तरी हाच परिणाम होतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी घोट्यासाठी वेगळा व्यायाम केला नाही, कारण तो त्यांच्या दिनचर्येतच होता. उकिडवे बसून भांडी घासणे, चुलीपुढे बसणे, अंगण सारवणे, चिखलात टाच रोवून भात लावणे; आणि सणावारी बसफुगडी! ओटा आणि खुर्ची आली, कष्ट कमी झाले, हे चांगलेच झाले. त्या कष्टांकडे परत जा, असे मी म्हणणार नाही. मात्र कष्टांबरोबर घोट्याची हालचालही गेली. तेवढी परत आणली पाहिजे.

आपला घोटा कसा आहे, हे घरीच पाहता येते. भिंतीसमोर उभे राहून पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे 10 सेंटिमीटर दूर ठेवावा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का ते पाहावे. दोन्ही पायांत फरक आढळला, तर आखडलेल्या पायाकडे अधिक लक्ष द्यावे.

उपायही भिंतीपाशीच आहे. हात भिंतीला टेकून एक पाय मागे घ्यावा. टाच जमिनीवर आणि गुडघा सरळ ठेवून अर्धा मिनिट पोटरीला ताण द्यावा. मग गुडघा किंचित वाकवून पुन्हा तेवढाच वेळ. पोटरीचे दोन मुख्य स्नायू आहेत. एक गुडघ्याच्या वरून निघतो, दुसरा खालून. म्हणून दोन्ही प्रकार हवेत. प्रत्येक पायाने दोनतीन वेळा, पण रोज. ताण जाणवावा, कळ येऊ नये. एकाच पोटरीला अचानक सूज आली, किंवा मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आत्याबाईंनी हे तीन महिने नेमाने केले. त्या धावू लागल्या, असे सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही. पण परवा देवळात गेलो, तेव्हा माझा हात धरून त्या सरळ तोंडाने पायऱ्या उतरल्या आणि वाकून त्यांनी पाण्याला हात लावला. वर आल्यावर म्हणाल्या, "पाणी अजून तसेच थंड आहे रे."