कसोटीच्या वेळचा गोलरक्षक

१९२८ च्या मार्च महिन्यात ऑलिंपिक सामन्यांसाठी निघालेला हिंदी हॉकी संघ मुंबईत आला, तेव्हा या शहराने त्याचे स्वागत त्याला हरवून केले. मुंबईच्या संघाने तीन गोल केले, पाहुण्यांना दोनच साधले. १० मार्च रोजी 'कैसर-ए-हिंद' ही आगबोट मुंबई बंदरातून सुटली, त्या वेळी निरोप द्यावयास धक्क्यावर अवघी तीन माणसे हजर होती. मुंबईकडून हार खाऊन निघालेल्या मंडळींकडून कोणी काय अपेक्षा करावी? परंतु हाच संघ आम्स्टरडॅम येथे पाच सामने खेळला, त्याने एकोणतीस गोल केले आणि एकही गोल आपणांवर होऊ दिला नाही. परत आला तेव्हा त्याच बंदरावर माणसांची रीघ लागली होती.

एकोणतीस गोलांचा विषय निघाला की ध्यानचंदांचे नाव ओघानेच येते, आणि ते रास्तच आहे. पण त्या हिशेबातील दुसरा आकडा, म्हणजे शून्य, हा कोणाचा? तो रिचर्ड अ‍ॅलन यांचा. नागपुरास जन्मलेला हा अँग्लो-इंडियन गोलरक्षक पुढे १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिक संघांतही होता. शून्य हा आकडा मोठा कृतघ्न आहे. गोल करणाऱ्याचे कर्तृत्व फलकावर चढते. गोल अडविणाऱ्याचे कर्तृत्व हे की फलकावर काही चढतच नाही.

मुंबईत हॉकी रुजली ती गिरगावच्या वाड्यांतून किंवा दादरच्या शिवाजी पार्कावर नव्हे, हे कबूल केले पाहिजे. तेथे क्रिकेटचे राज्य, आणि परळ-लालबागच्या कामगार वस्तीत हुतूतूचे. हॉकीचे वेड प्रामुख्याने गोवेकर, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन आणि शीख मंडळींना. १८९६ पासून मुंबईत आगाखान चषकाचे सामने होत आले, आणि चर्चगेटचे मैदान हे या खेळाचे माहेरघर ठरले. याच मुंबईच्या हॉकीत नावारूपास आलेले लिओ पिंटो हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचे गोलरक्षक म्हणून गेले. १२ ऑगस्ट रोजी वेम्ब्ली येथे भारताने ब्रिटनचा चार विरुद्ध शून्य असा पराभव केला. स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे व्हावयास तीन दिवस उरले होते, आणि समोर होता कालपर्यंतचा राज्यकर्ता. त्या शून्याची किंमत चार गोलांहून कमी कशी म्हणावी? पिंटो पुढे मुंबईतच राहिले आणि २०१० साली वयाच्या ९६ व्या वर्षी येथेच निवर्तले.

महाराष्ट्राशी दुसरे नाते आहे ते शंकर लक्ष्मण यांचे. जन्म महू छावणीचा, परंतु नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीतील. १९५६ मध्ये मेलबर्न, १९६० मध्ये रोम आणि १९६४ मध्ये टोकियो, अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत हा शिपाईगडी पाकिस्तानसमोर उभा राहिला. तिन्ही सामने एका गोलाने निकालात निघाले. दोन भारताने जिंकले, एक पाकिस्तानने. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत मिळून लक्ष्मण यांना चकवून चेंडू एकदाच आत गेला, आणि त्या एका चेंडूने सुवर्णपदक गेले. त्या काळी गोलरक्षकाच्या डोक्यावर आजच्यासारखे शिरस्त्राण नसे. पायांस पॅड, हातांत काठी, आणि समोरून येणारा कठीण चेंडू. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई सामन्यांत ते संघाचे कर्णधार होते. तेथेही अंतिम सामना पाकिस्तानशीच, आणि निकाल भारताच्या बाजूने एक विरुद्ध शून्य. अशा माणसाचा अखेरचा काळ पायाच्या गँगरीनने आणि पैशाच्या ओढगस्तीने ग्रासला. २००६ साली महू येथेच त्यांचे निधन झाले.

निकराच्या वेळी काही गोलरक्षकांचा खेळ एकाएकी फुलतो, याचे कारण लोक त्यांच्या धाडसात शोधतात. ते बहुधा दुसरीकडे आहे. हॉकीचा गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. पेनल्टी स्ट्रोक मारला जातो तो ६.४० मीटरवरून. एवढ्या जवळून आलेला चेंडू पाहून मग हालावे म्हटले तर उशीर झालेलाच असतो. तेव्हा चेंडू पाहण्यापूर्वी माणूस पाहावा लागतो: त्याचा खांदा, मनगट, पावलांची ठेवण. आणि हे पाहताना स्वतः मात्र जागचे हलावयाचे नाही, कारण आधी हललेला गोलरक्षक आपले गुपित फोडतो. खरे कौशल्य आहे ते या न हलण्यात. अलीकडे बरोबरी सोडविण्यासाठी जी पद्धत आली आहे, तीत आक्रमक २३ मीटरच्या रेषेवरून निघतो आणि त्याला आठच सेकंद मिळतात. येथे गोलरक्षकाने पुढे सरसावून कोन अरुंद करावयाचा, प्रतिस्पर्ध्यास कडेला रेटावयाचे आणि घड्याळाला आपल्या बाजूने खेळू द्यावयाचे. केरळच्या श्रीजेशने २०१४ च्या इंचॉन आशियाई सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध हेच केले, आणि २०२४ साली पॅरिसला ब्रिटनविरुद्धही. त्या दिवशी एक गडी पंचांनी बाहेर काढल्यामुळे भारताने सामन्याचा बहुतेक भाग दहा जणांनिशी खेळून बरोबरी राखली होती.

तथापि स्ट्रोकच्या वेळी गोलरक्षकाला एक सवलत असते. गोल झाला तर त्याला कोणी दोष देत नाही. अडला तर तो देवच. वाहत्या खेळात याच्या नेमके उलट घडते, आणि खरी परीक्षा तेथेच आहे.

ती मीर रंजन नेगी यांच्या वाट्यास आली. १ डिसेंबर १९८२, दिल्ली, आशियाई सामन्यांची अंतिम लढत, समोर पाकिस्तान. दूरचित्रवाणी नुकतीच रंगीत झालेली. मुंबईत चाळींतून एखाद्या घरात संच, आणि त्याभोवती सारा मजला लोटलेला. गिरणगावात तर गिरण्यांचा संप जानेवारीपासून चाललेला. भोंगे मुके, हातांना काम नाही, आणि आनंदाचे निमित्त हवेच होते. भारताने पहिला गोल केला. नंतर पाकिस्तानने सात केले.

सात गोल एकट्याच्या चुकीने होत नसतात. गोलरक्षकापर्यंत येणारा चेंडू आधी दहा जणांना ओलांडून आलेला असतो. परंतु पराभवाला चेहरा लागतो, आणि जाळीतून चेंडू काढताना जो चेहरा सात वेळा दिसला तोच लोकांनी पक्का केला. नेगी यांनी सामना विकला, इथपर्यंत बोलले गेले. पुरावा कसलाही नव्हता. त्याची कोणास गरजही वाटली नाही. राष्ट्रीय संघातील त्यांची कारकीर्द तेथेच संपली. मुंबईच्या कस्टम्स खात्यातील नोकरी करीत, हा डाग अंगावर वागवीत त्यांनी वर्षे काढली.

सोळा वर्षांनी त्यांना बोलावणे आले, ते गोलरक्षकांचे शिक्षक म्हणून. १९९८ च्या डिसेंबरात बँकॉक येथे आशियाई सामन्यांच्या अंतिम फेरीत भारत व दक्षिण कोरिया एक-एक असे बरोबरीत सुटले. पेनल्टी स्ट्रोकवर निकाल ठरला. गोलात आशिष बल्लाळ होता. त्याने दोन स्ट्रोक अडविले आणि भारत चार विरुद्ध दोन असा विजयी झाला. १९६६ नंतर या स्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक प्रथमच भारताकडे आले. कर्णधार होता खडकीचा धनराज पिल्ले. स्वदेशी परतल्यावर थोड्याच काळात धनराज आणि बल्लाळ यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संघातून वगळण्यात आले, हाही आमच्या हॉकीच्या कारभाराचा एक मासला.

२००२ साली मँचेस्टरला राष्ट्रकुल सामन्यांत भारताच्या महिलांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हाही नेगी त्या संघाबरोबर होते. पुढे २००७ साली 'चक दे! इंडिया' हा चित्रपट आला, आणि त्याच्या नायकाची कलंकित कहाणी नेगी यांच्या आयुष्याशी मिळतीजुळती असल्याची चर्चा सर्वत्र झाली. त्यातील मुलींना हॉकीचे शिक्षण देण्याचे काम नेगी यांनीच केले होते. चित्रपटातला नायक मात्र गोलरक्षक नाही. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक हुकविणारा तो आघाडीचा खेळाडू आहे.